नवरा अमेरिकेत, तुम्ही बेळगावात: जोडीदाराच्या व्हिसाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवार-रविवारी मला बेळगाव, खानापूर, निपाणीकडून फोन येतात. कुणाची मुलगी लग्न होऊनही माहेरीच असते, कुणाचा मुलगा न्यू जर्सीत बायकोच्या व्हिसाची वाट बघत एकटा राहत असतो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. मी स्वतः खानापूर तालुक्यातल्या माहेरी राहून अडीच वर्षं वाट बघितली. लग्न डिसेंबर २०२१ मध्ये, अर्ज फेब्रुवारी २०२२ मध्ये, मुंबईतला इंटरव्ह्यू जून २०२४ मध्ये. मी वकील नाही. आधीचा घटस्फोट, पूर्वी नाकारलेला व्हिसा, पोलीस केस असं काही असेल, तर अमेरिकेतल्या परवानाधारक इमिग्रेशन वकिलाला पैसे देऊन विचारा; तिथे शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका.

हा व्हिसा म्हणजे नेमका कुठला? माझ्या मैत्रिणीला तर तीन महिन्यांत मिळाला.

मैत्रिणीचा बहुधा एच-४ असेल. नवरा एच-१बी वर नोकरी करत असला की बायकोला मिळतो तो. तो नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला, तात्पुरता. इथे मी लिहितेय ते इमिग्रंट व्हिसाबद्दल, म्हणजे नवरा किंवा बायको अमेरिकेची नागरिक आहे किंवा तिच्याकडे ग्रीन कार्ड आहे, आणि ती जोडीदाराला कायमचं बोलावते. यात तुम्ही विमानतळावर उतरता तेव्हाच तिथल्या कायम रहिवासी होता. म्हणूनच वेळ जास्त लागतो. मैत्रिणीच्या तीन महिन्यांशी तुलना करून स्वतःला त्रास करून घेऊ नका.

नवऱ्याकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही. काही फरक पडतो का?

खूप पडतो. सगळ्यात आधी हीच गोष्ट समजून घ्या.

नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक कोटा नाही. अर्ज मंजूर झाला की फाईल पुढे सरकते. ग्रीन कार्डवाल्याच्या जोडीदाराला एफ-२ए नावाच्या रांगेत उभं राहावं लागतं. अर्ज ज्या दिवशी दाखल झाला ती तुमची प्रायॉरिटी डेट. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं, आणि त्यातली तारीख तुमच्या तारखेच्या पुढे गेली तरच नंबर लागतो.

आम्ही अर्ज केला तेव्हा एफ-२ए ची रांगच नव्हती. जुलै २०१९ पासून ती 'करंट' होती. आम्ही निर्धास्त होतो. मग एप्रिल २०२३ च्या बुलेटिनमध्ये तारीख एकदम मागे गेली, ८ सप्टेंबर २०२० वर. आमची तारीख २०२२ ची. त्या रात्री मी दोनच आकडे पुन्हा पुन्हा बघत बसले होते. जूनमध्ये अर्ज मंजूर झाल्याचा कागद आला, पण पुढे जायची वाट बंद.

आम्हाला वाट मिळाली ती नवऱ्याच्या नागरिकत्वामुळे. तो २०१८ साली आत्याच्या पिटिशनवर आई-वडिलांबरोबर गेलेला, त्यामुळे २०२३ मध्ये त्याची ग्रीन कार्डची पाच वर्षं भरली. नोव्हेंबरमध्ये शपथ झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्याने नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत नॅशनल व्हिसा सेंटरला, म्हणजे मंजुरीनंतर फी आणि कागद घेणाऱ्या अमेरिकी सरकारी केंद्राला, पाठवली. फाईल एफ-२ए मधून निघून नागरिकाच्या जोडीदाराच्या वर्गात गेली. नवा अर्ज लागला नाही, नवी फी लागली नाही. तुमच्या नवऱ्याची पाच वर्षं भरत आली असतील तर तीन महिने आधीच, म्हणजे ९० दिवस शिल्लक असताना, नागरिकत्वाचा अर्ज भरता येतो. एक दिवसही घालवू नका.

आणि मुलं असतील तर?

इथे उलटा फरक आहे आणि बऱ्याच जणांना तो शेवटी कळतो. एफ-२ए मध्ये मुलं आईच्याच अर्जात येतात. नागरिकाच्या जोडीदाराच्या वर्गात येत नाहीत. प्रत्येक मुलासाठी वेगळा आय-१३०, म्हणजे नातेवाइकाला बोलावण्याचा मूळ अर्ज, भरावा लागतो. म्हणजे नवरा मध्येच नागरिक झाला तर त्याच आठवड्यात मुलांचे अर्ज टाका, नाहीतर तुमचा व्हिसा येईल आणि मूल आजीकडे राहील.

सगळी प्रक्रिया थोडक्यात सांगा.

तिकडचा जोडीदार आय-१३० भरतो, सोबत तुमच्या माहितीचा आय-१३०ए. पावती येते. मग लांब शांतता. आमची सोळा महिन्यांची होती. मंजुरीनंतर फाईल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे फी भरायची, तुम्ही डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा, तिकडच्याने आय-८६४ म्हणजे पोटापाण्याची हमी द्यायची, आणि सगळे दाखले स्कॅन करून चढवायचे. ते तपासून पूर्ण ठरले की मुंबईच्या कॉन्सुलेटमधली तारीख मिळते. त्याआधी मेडिकल.

तुमचा केस नंबर बी-एम-बी या अक्षरांनी सुरू होईल. बॉम्बेचं ते संक्षिप्त रूप. माझ्या आजोबांनी ते बघितलं आणि म्हणाले, "आमचा दाखला पण बॉम्बेचाच होता की." १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यातच होतं.

एक इशारा: व्हिसा सेंटरने कळवल्यावर एक वर्ष काहीच केलं नाही तर केस बंद होऊ शकते. काही कागद अडला असला तरी वर्षातून एकदा लॉगिन करा, मेल टाका.

लग्न कोल्हापुरात झालं, सासर बेळगावात. नोंदणी कुठे करायची?

लग्न जिथे लागलं त्या हद्दीत करा, सगळ्यात सरळ तेच. कार्यालय कोल्हापुरातलं असेल तर महाराष्ट्राचा दाखला, खानापूर किंवा बेळगावचं असेल तर इथल्या सब-रजिस्ट्रार कचेरीचा. दोन्ही राज्यांचे दाखले चालतात. चालत नाही ते भटजींनी किंवा मंगल कार्यालयाने दिलेलं पत्र. ते पुरावा म्हणून जोडा, पण दाखला सरकारीच लागतो.

आमच्याकडे बरेच जण लग्नानंतर नवरा परत जाईपर्यंत नोंदणीच करत नाहीत. नोंदणीला दोघांच्या सह्या लागतात आणि नवऱ्याची रजा तीन आठवड्यांची. लग्नाच्या याद्या करतानाच कचेरीत जाऊन काय काय लागतं ते लिहून आणा, आणि पूजा झाली की पहिल्या कामाच्या दिवशी तिघे साक्षीदार घेऊन हजर व्हा.

नवऱ्याला रजा मिळत नाही. व्हिडिओ कॉलवर लग्न लावलं तर?

अमेरिकेच्या कायद्यात दोघं एकत्र हजर नसताना लागलेलं लग्न, त्यानंतर पती-पत्नी म्हणून एकत्र आल्याशिवाय मानलं जात नाही. हा रस्ता सोडा. आणि फक्त साखरपुडा झाला असेल तर त्यासाठी के-१ हा वेगळा व्हिसा आहे. तो नागरिकाच्या वाग्दत्त वधू-वरासाठी, आणि तिथे गेल्यावर ९० दिवसांत लग्न करावं लागतं. पण इथे सप्तपदी झाली असेल तर तुम्ही विवाहित आहात. के-१ वर जाऊन 'लग्न झालं नाही' असं सांगणं म्हणजे खोटं बोलणं, आणि त्या खोट्याची किंमत आयुष्यभर मोजावी लागते.

माझं नाव प्रत्येक कागदावर वेगळं आहे. काय करू?

सीमाभागातल्या फाईली अडतात त्या इथेच.

आपल्याकडे एका माणसाचं नाव तीन लिप्यांतून फिरतं. शाळा मराठी माध्यमाची, तिथे नाव देवनागरीत. ग्रामपंचायत आणि कचेरीत कन्नडमध्ये. पासपोर्टवर इंग्रजीत. प्रत्येक वेळी कुणीतरी कारकून ऐकून किंवा वाचून लिहितो. माझ्या वडिलांचं नाव ज्ञानेश्वर. पासपोर्टवर त्याचं स्पेलिंग डी-एन-वाय ने सुरू होतं, मराठी माणूस लिहितो तसं. कन्नडवरून इंग्रजी करणाऱ्याने जन्मदाखल्यावर जे-एन ने सुरू केलं, कारण कन्नडमधलं ते अक्षर इंग्रजीत तसंच लिहायची पद्धत आहे. दोघांपैकी कुणाचीही चूक नाही. पण मुंबईतल्या काचेपलीकडच्या माणसाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. चौगुले, पोवार, चव्हाण, लक्ष्मी, विठ्ठल या सगळ्यांची हीच कथा.

काय करायचं: पासपोर्टवरचं स्पेलिंग हा पाया धरा. अर्ज करण्याआधी सगळे कागद जमिनीवर पसरा आणि एका वहीत तक्ता मांडा. वर कागदांची नावं, डावीकडे तुम्ही, आई, वडील, नवरा. प्रत्येक खान्यात जसंच्या तसं स्पेलिंग. कुठे काय वेगळं आहे ते एका नजरेत दिसतं. जे दुरुस्त होऊ शकतं ते आत्ता करा. लग्नाच्या दाखल्यात सही करण्याआधी तर प्रत्येक अक्षर वाचा, कारण मागून दुरुस्ती करायला खेटे पडतात. आमच्या दाखल्याचा मसुदा समोर आला तेव्हा गर्दी होती, मागचे लोक घाई करत होते, आणि मी वडिलांचं नाव न वाचता सही केली. ते एक अक्षर बदलायला मला पाच वेळा जावं लागलं. जे दुरुस्त होत नाही त्यासाठी 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करा, वडील हयात असतील तर त्यांच्या सहीने, आणि दोन्ही नावं डीएस-२६० मध्ये 'इतर नावं' म्हणून लिहा. लपवलेलं नाव त्रास देतं, सांगितलेलं देत नाही.

लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे का, असं सासवा विचारतात. व्हिसासाठी अजिबात नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट चालतो. मी बदललं नाही.

पासपोर्टवर आडनावच नसेल, सगळं एकाच रकान्यात असेल, तर अमेरिकन व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) छापून येतं, आणि पुढे बँकेपासून लायसन्सपर्यंत तेच चिकटतं. पासपोर्ट आधी नीट करून घ्या.

गावाच्या नावाचंही असंच. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. त्याआधीच्या इंग्रजी कागदांवर जुनं स्पेलिंग, नंतरच्यांवर नवं. त्याची काळजी करू नका. फॉर्मवर जन्मगाव पासपोर्टवर आहे तसं लिहा.

जन्माची नोंदच नाही, घरी जन्म झालेला. मग?

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी खेड्यात घरीच बाळंतपणं व्हायची, त्यामुळे हा प्रश्न नेहमीचा. आधी तहसीलदार कचेरीत जुनी नोंदवही शोधायला लावा. पुष्कळदा नोंद असते, फक्त 'मुलगी' एवढंच लिहिलेलं असतं आणि नाव नंतर घालून घेता येतं. खरोखर नोंद नसेल तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्या, त्याला शाळा सोडल्याचा दाखला आणि आई-वडिलांचं किंवा जन्म माहीत असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांचं प्रतिज्ञापत्र जोडा. उशिरा नोंद करून अगदी ताजा दाखला मिळवला तरीही शाळेचा दाखला जोडाच. नवाकोरा जन्मदाखला बघून कुणीही जुना कागद मागणार.

कन्नड कागदांचं भाषांतर सरकारी माणसाकडूनच करायला हवं का?

नाही. भाषांतर पूर्ण हवं, शिक्क्यातला मजकूर आणि कोपऱ्यातली टीपसुद्धा. खाली भाषांतरकाराने लिहायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर अचूक आहे. नाव, सही, पत्ता, तारीख. बस. मराठी कागदांनाही तेच. फक्त स्वतःच्या कागदांचं भाषांतर स्वतः करू नका. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त कन्नड शिक्षकांनी केलं, आणि माझ्या वहीतला तक्ता त्यांच्यासमोर ठेवून केलं, म्हणून नावं जुळली. कोर्टाच्या आवारात भाषांतर करून घेतलं तरी नावांची यादी हातात देऊनच बसा.

आम्ही एकत्र राहिलोच नाही. लग्न खरं आहे हे सिद्ध कसं करायचं?

तिकडच्या याद्यांत लिहिलेलं असतं: दोघांच्या नावावरचं घरभाडं, एकत्र बँक खातं, एकत्र विमा. आपल्याकडे यातलं काहीच नसतं. पण लग्न खरं असेल तर त्याच्या खुणा असतातच, त्या गोळा करायच्या.

लग्नपत्रिका जोडा, भाषांतरासह. आपल्या पत्रिकेत दोन्ही घरांच्या तीन पिढ्या छापलेल्या असतात. फोटो पन्नास नकोत, वीस पुरे. पण वेगवेगळ्या दिवसांचे, दोन्हीकडचे नातेवाईक दिसणारे, मागे तारीख, जागा आणि कोण कोण आहे ते लिहिलेले. नवरा इथे आला त्या प्रत्येक वेळचे बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचे शिक्के. त्याने पाठवलेल्या पैशांच्या पावत्या. वारसदार म्हणून तुमचं नाव लावलेला त्याचा विमा किंवा बँक खातं. हे तो तिथे बसून एका दिवसात करू शकतो. दोन्ही घरांना ओळखणाऱ्या दोन माणसांची प्रतिज्ञापत्रं.

कॉलचा पुरावा जोडताना शंभर पानं छापू नका. दर महिन्याचं एक पान, तीन वर्षांची सलग रांग दिसेल असं. प्रेमाची पत्रं कुणाला दाखवायची नाहीत अशी लाज वाटते, ती बरोबर आहे. त्यांची गरजही नसते. माझ्या फाईलमधला मला सगळ्यात आवडलेला कागद साधा होता. नवऱ्याची आजी शहापुरात राहायची आणि मी दर गुरुवारी तिच्याकडे मुक्कामाला जायची. संध्याकाळी भाकऱ्या करताना ती फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची. तिकडे सकाळ, उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, हिवाळ्यात साडेदहाचा. नवरा ऑफिसला जाता जाता बोलायचा, आजी तव्यावरून नजर न काढता विचारायची, "जेवलास काय रे?" त्याचा एक स्क्रीनशॉट निघाला होता: कडेला तवा, मध्ये आजीचा अर्धा चेहरा, मागे मी, कोपऱ्यात तो. तारखेसह. तो आम्ही जोडला.

खर्च किती येतो?

सरकारी फी अशी: आय-१३० ऑनलाइन भरला तर ६२५ डॉलर, कागदावर ६७५ (१ एप्रिल २०२४ पासूनचे दर). व्हिसा सेंटरकडे ३२५ आणि १२० डॉलर. व्हिसा मिळाल्यावर, निघण्याआधी २३५ डॉलर. इकडे मेडिकल, लसी, मुंबईच्या फेऱ्या, नोटरी, आणि पीसीसीचे, म्हणजे पोलीस क्लिअरन्सच्या दाखल्याचे, ५०० रुपये. फी भरण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर आकडा पुन्हा बघा, जुनी फी भरली तर अर्ज परत येतो.

नवऱ्याची कमाई कमी आहे, शिकतोय अजून.

हमीसाठी उत्पन्न गरिबी-मर्यादेच्या १२५ टक्के लागतं. २०२५ च्या तक्त्यात दोन माणसांच्या कुटुंबासाठी तो आकडा वर्षाला २६,४३७ डॉलर होता. कमी पडत असेल तर अमेरिकेत राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जॉइंट स्पॉन्सर होऊ शकतो. नातेवाईकच हवा असं नाही. मात्र ही नुसती सही नसते. ती कायदेशीर जबाबदारी आहे आणि वर्षानुवर्षं राहते, घटस्फोट झाला तरी. काकांकडे मागताना हे त्यांना स्पष्ट सांगा.

पोलीस क्लिअरन्स ठाण्यातून आणायचा का?

ठाण्यातून नाही. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून पीसीसीचा अर्ज करायचा. सप्टेंबर २०२२ पासून पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतूनही पीसीसीची सोय झाली आहे; नाहीतर हुबळी. चौकशी मात्र तुमच्याच ठाण्यातून येते, त्यामुळे अर्जावरच्या पत्त्यावर तुम्ही खरंच राहत असायला हवं. माहेरी राहता आणि पत्ता सासरचा दिलात की पोलीस तिकडे जाऊन परत येतात. पत्ता जुळवूनच अर्ज करा.

एवढी वर्षं लागणार असतील तर मध्ये टूरिस्ट व्हिसावर जाऊन येऊ का?

अर्ज करायला बंदी नाही. पण टूरिस्ट व्हिसा देताना अधिकारी गृहीत धरतो की तुम्ही तिथेच राहणार, आणि तुमचा आय-१३० तर तेच सांगत असतो. बहुतेकदा नकार येतो. आय-१३० बद्दल विचारलं तर खरं सांगा. त्यापेक्षा नवऱ्याने इकडे यावं. तो ग्रीन कार्डवर असेल तर सहा महिन्यांच्या आत परतावं. जास्त राहिला तर नागरिकत्वाची वर्षं मोजताना अडचण येते, आणि वर्षाच्या वर गेला तर कार्डच धोक्यात.

बेळगावात एक एजंट आहे, तो म्हणतो ओळख आहे, लवकर करून देतो.

कुणाचीही ओळख नसते. रांग पैसे देऊन पुढे सरकत नाही. फॉर्म भरायला मदत घ्यायची तर घ्या, पण तीन गोष्टी हातात ठेवा: लॉगिनचा पासवर्ड, तुमचा स्वतःचा ईमेल, आणि मूळ कागद. माझ्या ओळखीच्या एका मुलीचे सगळे मेल एजंटच्या पत्त्यावर जायचे. व्हिसा सेंटरचं पत्र आलं हे तिला सात महिन्यांनी कळलं. तिचं ते रडणं मी फोनवर ऐकलंय, म्हणून इतक्या जोराने सांगते. सरकारी फी फक्त सरकारी संकेतस्थळावर भरली जाते, कुणाच्या खात्यावर नाही.

मेडिकलमध्ये काय बघतात?

कॉन्सुलेटने ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच करावं लागतं, आपल्या फॅमिली डॉक्टरचं चालत नाही. छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी, लसी. लहानपणीच्या लसींचं कार्ड सापडलं तर घेऊन जा. एक्स-रेवर डाग दिसला, जुन्या टीबीचा असला तरी, तर तीन दिवस थुंकीचे नमुने घेतात आणि कल्चरचा निकाल यायला आठ आठवड्यांपर्यंत लागतात. ज्यांना पूर्वी टीबी झाला आहे त्यांनी उपचाराचे कागद जपून न्यावेत, आणि मेडिकल इंटरव्ह्यूच्या बरंच आधी करावं. पण फार आधीही नको. अहवाल साधारण सहा महिनेच चालतो आणि व्हिसाची मुदतही त्यावरून ठरते.

इंटरव्ह्यूला काय विचारतात? इंग्रजी येत नाही.

मुंबईत मराठीतून उत्तरं देता येतात. सुरुवातीलाच सांगा. त्याआधी वेगळ्या केंद्रात बोटांचे ठसे द्यावे लागतात, त्यामुळे दोन-तीन दिवसांची तयारी करून जा. आम्ही रात्रीच्या हुबळी-दादर गाडीने गेलो आणि दादरला नातेवाइकांकडे उतरलो. इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी थेट गाडीतून उतरून बांद्रा-कुर्ला संकुलात जायचा बेत करू नका. घाटात गाडी थांबली तर काय कराल? आत मोबाईल नेता येत नाही. सोबतच्या माणसाला बाहेरच थांबावं लागतं. मूळ कागद एका साध्या पारदर्शक फोल्डरमध्ये, यादीच्या क्रमाने.

मला जे विचारलं ते आठवतं तसं लिहिते. कसे भेटलात? आमचं स्थळ आत्याने सुचवलेलं, तसंच सांगितलं. ठरवून केलेलं लग्न त्यांना नवीन नाही, प्रेमाची गोष्ट रचू नका. लग्नाला किती माणसं होती? नवरा काय काम करतो, कितीची शिफ्ट असते? तो शेवटचा कधी आला होता, कुठे फिरलात? मग काचेपलीकडच्या अधिकारी बाईने कागद उलटेपालटे केले आणि विचारलं, "तुम्ही कर्नाटकातल्या, दाखला कन्नड, मग बोलता मराठी?" मी म्हटलं, आमचा तालुका सीमेवरचा आहे, घरात मराठी, कचेरीत कन्नड, दोन्ही येतात. तिने मान हलवली आणि वडिलांच्या नावाचं प्रतिज्ञापत्र वर काढून ठेवलं. एवढंच. सात-आठ मिनिटं.

हातात रंगीत कागद दिला, त्यावर २२१(जी) लिहिलंय. नकार मिळाला का?

बहुतेकदा तो अंतिम नकार नसतो. काहीतरी कागद हवा आहे किंवा तपासणी बाकी आहे. कागदावर नेमकं काय मागितलंय ते वाचा आणि तेवढंच, सांगितलेल्या पद्धतीने द्या. मागितलेला कागद द्यायला एक वर्ष असतं, पण आठवड्यात द्या.

सगळे विचारतात "आलं काय वो व्हिसा?" काय उत्तर देऊ?

हा प्रश्न मला फॉर्मपेक्षा जास्त वेळा विचारला जातो. गणपतीत, हळदीकुंकवाला, बसस्टँडवर. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण पन्नासाव्या वेळी तो प्रश्न टोचतो. दोन वर्षांनी लोक नवऱ्याविषयी कुजबुजायला लागतात आणि आई रात्री झोपत नाही. मी घरच्यांना एका कागदावर पायऱ्या लिहून भिंतीवर लावल्या होत्या, आपण कुठे आहोत तिथे टिकली चिकटवलेली. त्यामुळे निदान घरातले प्रश्न थांबले. आई पाहुण्यांना तिथेच नेऊन दाखवायची.

नोकरी सोडू नका. 'आता जायचंच आहे' म्हणून शाळेतली, बँकेतली नोकरी सोडून घरी बसलेल्या मुली मी बघितल्यात. तीन वर्षं तशीच गेली. शिकायचं असेल तर शिका, गाडी चालवायला शिका, विद्यापीठातून गुणपत्रिका आणि ट्रान्सक्रिप्ट आत्ताच काढून ठेवा. आणि नवऱ्याशी बोलताना रोज व्हिसाचंच बोलू नका. आम्ही एक नियम केला होता: बुलेटिनचा विषय फक्त रविवारी.

नवरा अर्जच करत नाही, टाळतोय. किंवा तिकडे नेऊन त्रास देतोय.

लाजेपोटी गप्प बसू नका. अर्ज झाला असेल तर पावतीला नंबर असतो. तो मागा, त्यावरून कुणालाही स्थिती बघता येते. पावतीच दाखवत नसेल तर अर्ज झालेला नाही असं समजा. परदेशस्थ नवऱ्यांनी सोडून दिलेल्या किंवा छळलेल्या बायकांसाठी राष्ट्रीय महिला आयोगाचा वेगळा कक्ष २००९ पासून आहे, आणि परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार करता येते. तिकडे गेल्यावर मारहाण होत असेल तर अमेरिकेच्या कायद्यात बायकोला नवऱ्याच्या मदतीशिवाय स्वतः अर्ज करायची तरतूद आहे. 'बोललीस तर परत पाठवीन' ही धमकी ऐकून सहन करत राहू नका. स्वतःचा पासपोर्ट आणि त्याची प्रत कायम स्वतःजवळ, एक प्रत माहेरी.

इंग्लंड किंवा गल्फचं काय?

थोडक्यात. इंग्लंडमध्ये स्थायिक जोडीदार बोलावत असेल तर ११ एप्रिल २०२४ पासून उत्पन्नाची अट वर्षाला २९,००० पौंड आहे. शिवाय ए-१ पातळीची इंग्रजी परीक्षा, टीबीची तपासणी आणि आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड. तिकडे नर्स म्हणून गेलेल्या आपल्या मुलींचे नवरे इथे थांबलेले असतात. नर्सला जोडीदार नेता येतो, पण ११ मार्च २०२४ पासून नव्याने केअर वर्कर म्हणून गेलेल्यांना नेता येत नाही, आणि २२ जुलै २०२५ पासून तर परदेशातून नव्या केअर वर्करची भरतीच बंद झाली आहे. जाहिरात वाचताना पद नक्की कुठलं ते बघा. गल्फसाठी लग्नाच्या दाखल्यावर आधी राज्य सरकारचा, मग परराष्ट्र खात्याचा शिक्का लागतो, आणि काही देशांसाठी पुढे त्या देशाच्या दूतावासाचाही. दाखला कर्नाटकाचा असेल तर राज्याचा शिक्का कर्नाटकाचाच. घर महाराष्ट्राच्या कितीही जवळ असलं तरी मंत्रालयात तो होत नाही.

लग्नाला दोन वर्षं व्हायला थोडेच दिवस आहेत. काही करायचं का?

थांबा. अमेरिकेत पाऊल ठेवता त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण नसतील तर दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं, आणि ते संपण्याच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी अट काढण्याचा आय-७५१ हा अर्ज भरावा लागतो, पुन्हा सगळे पुरावे. पूर्ण झाली असतील तर दहा वर्षांचं कार्ड. व्हिसाची मुदत असेल तर तिकीट वाढदिवसानंतरचं काढा, लग्नाच्या.

पोचल्यावर कार्ड कधी येतं? तोवर काम करता येतं का?

पहिल्या दिवसापासून करता येतं. पासपोर्टवरच्या व्हिसावर विमानतळाचा शिक्का बसला की तो वर्षभर ग्रीन कार्डासारखाच चालतो. कार्ड पोस्टाने येतं, साधारण तीन महिन्यांच्या आत, २३५ डॉलरची फी भरलेली असेल तर. तिकडे पत्रपेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पाकीट परत नेऊ शकतो, आणि परत गेलेलं कार्ड मिळवायला महिने लागतात. नवऱ्याला आठवण करा. आमच्या पेटीवर मी पोचायच्या आदल्या दिवशीच त्याने माझं नाव चिकटवलं होतं, पासपोर्टवरच्या स्पेलिंगने.